भाताच्या पानात स्टार्च का सापडत नाही? : वाचकांचे प्रश्न

भाताच्या पानात तयार होणारी साखर, तिचा साठा आणि तिची वाहतूक यांविषयी आलेल्या चार पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आली असली, तरी त्यांचा विषय एकच आहे आणि एका उत्तरातील माहिती पुढच्या उत्तरात उपयोगी पडते.

प्रश्न : आठवीच्या वर्गात आम्ही प्रकाशसंश्लेषणाचा आयोडीनचा प्रयोग जास्वंदीच्या पानावर केला, तेव्हा पान निळेकाळे झाले. शाळेच्या कुंपणाला लागूनच भातखाचरे असल्याने मुलांनी भाताचे पान आणले. सारी कृती तशीच केली, पण रंग जेमतेम चढला. ज्या पिकाचा दाणा स्टार्चने गच्च भरलेला असतो, त्याच्या पानात स्टार्च नसावा हे मुलांना पटत नाही. आमचे काही चुकले का? (विज्ञान शिक्षिका, रायगड जिल्हा)

प्रयोग बरोबर झाला आहे. मुलांना जे दिसले, त्याची उकल करण्यासाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जपान, दक्षिण कोरिया, चीन आणि ब्रिटन येथील प्रयोगशाळांनी बरेच काम केले आहे.

हरितलवकात कर्बवायूपासून प्रथम तीन कार्बनचे फॉस्फेटयुक्त रेणू बनतात आणि त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट हरितलवकाच्या बाहेर, पेशीद्रवात जाते आणि तेथे त्यांच्यापासून सुक्रोज, म्हणजे आपल्या ओळखीची साखर, तयार होते. दुसरी वाट हरितलवकाच्या आतच राहते. तेथे ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून स्टार्चचे कण बनतात आणि रात्री प्रकाश नसताना ते कण मोडून झाडाला साखर पुरवली जाते. या दुसऱ्या वाटेवरचे कळीचे विकर (एन्झाइम) म्हणजे एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज, ज्याला संशोधक थोडक्यात एजीपेज म्हणतात. मोकळे फॉस्फेट भरपूर असले की हे विकर मंदावते. सुक्रोज झपाट्याने बनत असताना फॉस्फेट सतत हरितलवकात परतत राहते, त्यामुळे एजीपेज दबलेले राहते आणि स्टार्च कमी बनतो. सुक्रोजची निर्मिती तुंबली, की याच्या उलट घडते.

जास्वंद, सोयाबीन किंवा प्रयोगशाळांत सर्वत्र वापरली जाणारी अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातील वनस्पती दिवसभराच्या कमाईचा मोठा वाटा पानातच स्टार्चच्या रूपात ठेवते. भात मात्र ती कमाई मुख्यतः सुक्रोजच्या रूपात ठेवतो, त्यातील काही भाग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रस साठवणाऱ्या पिशवीत, तात्पुरता साठवतो आणि उरलेली साखर दिवसाउजेडीच पुढे पाठवत राहतो. भाताचे पाते हे खळे आहे, कणगी नव्हे. आयोडीनला सुक्रोज दिसत नाही, म्हणून तुमच्या पानावर रंग चढला नाही. जो फिकट रंग आला, तो पानातल्या थोड्याशा स्टार्चचा. वाण, खत आणि दिवसाची वेळ यांनुसार हे प्रमाण कमीजास्त होते.

याचा भक्कम पुरावा जनुकांच्या प्रयोगांतून मिळतो. साठवलेला स्टार्च रात्री मोडण्यासाठी आधी त्याच्या कणावर फॉस्फेट चढवावे लागते आणि ते काम जीडब्ल्यूडी नावाचे विकर करते. अरॅबिडॉप्सिसमध्ये या विकराचे जनुक बिघडले, की पानांत स्टार्च साचत जातो आणि रोपे खुरटतात, कारण रात्रीची शिदोरी असूनही ती उघडता येत नाही. जपानी संशोधकांनी भातातील याच जनुकात बिघाड असलेली रोपे तपासली आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. या रोपांच्या पानांतही स्टार्च खूप साचला, पण रोपांची वाढ जवळजवळ नेहमीसारखीच झाली. धान्याच्या उत्पादनात मात्र घट आली. याउलट सुक्रोजच्या वाटेवरचे एक विकर, म्हणजे पेशीद्रवातील फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेज, निकामी असलेली भाताची रोपे दक्षिण कोरियात अभ्यासली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोपांची वाढ गंभीरपणे खुंटलेली दिसली. स्टार्चची वाट अडली तर भाताचे पाते निभावून नेते, सुक्रोजची वाट अडली तर त्याचे काही चालत नाही. माझ्या मते या विषयात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती आठवीच्या मुलांनाही सांगता येते.

आता स्टार्च कोठे पाहावा ते सांगतो. भात पोटरीत आला, म्हणजे लोंबी खोडाच्या आत फुगू लागली, की एक चूड मुळासकट उपटून आणा. वरून तिसऱ्या पानाचे पाते आणि त्याचा पर्णकोष, म्हणजे खोडाला वेढून असलेला खालचा भाग, वेगळे करा. दोन्हींचे दोन-तीन मिलिमीटरचे आडवे तुकडे ब्लेडने कापा, कारण पात्यावरच्या मेणामुळे आणि सिलिकामुळे अख्ख्या पात्यात द्रव नीट शिरत नाही. तुकडे आधी पाण्यात उकळा, नंतर गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये रंग जाईपर्यंत ठेवा. स्पिरिटचे भांडे थेट आचेवर कधीही ठेवू नका. मग आयोडीनचे थेंब टाका. पाते फिकट राहील आणि पर्णकोषाचे काप गडद होतील. लोंबी बाहेर पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तर पर्णकोषाचा रंग उतरलेला दिसेल, कारण तेथला स्टार्च मोडून त्याची साखर दाण्याकडे निघालेली असते. गहू आणि जव खोडात मुख्यतः फ्रुक्टान नावाची निराळी शर्करा साठवतात. भात तेथे स्टार्चच साठवतो, त्यामुळे हा प्रयोग भातावर चांगला साधतो.

प्रश्न : पानातला स्टार्च आणि भातातला, म्हणजे दाण्यातला, स्टार्च एकच असतो का? चिकट तांदळाच्या रोपाच्या पानातला स्टार्चही चिकट जातीचा असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

दोन्ही ठिकाणी ग्लुकोजच्याच साखळ्या असतात, पण त्या विणणारी विकरे वेगवेगळ्या जनुकांवरून बनतात. भाताने एकाच कामासाठी जनुकांच्या दोन-दोन प्रती बाळगल्या आहेत, ज्यांपैकी एक दाण्यात अधिक चालते आणि दुसरी पानात. सरळ साखळीचा भाग, म्हणजे अमायलोज, दाण्यात ज्या जनुकामुळे बनतो ते 'वॅक्सी' जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. पूर्णपणे चिकट तांदळात ते निकामी असते, त्यामुळे दाण्यात अमायलोज जवळजवळ नसतो. पानात हे काम त्याचे भावंड असलेले दुसरे जनुक करते आणि ते चिकट तांदळाच्या रोपातही शाबूत असते. म्हणून पानातला स्टार्च चिकट जातीचा होत नाही. परागकणात मात्र दाण्याचेच वॅक्सी जनुक काम करते. त्यामुळे चिकट वाणाच्या परागकणांवर आयोडीन टाकले, तर निळ्याकाळ्याऐवजी तांबूस तपकिरी रंग येतो आणि पैदासकाराला दाणा तयार होण्याआधीच वाणाची परीक्षा करता येते.

प्रश्न : माझे धानाचे पीक गेल्या खरिपात शेवटपर्यंत काळेभोर हिरवे होते. ठरलेले युरियाचे हप्ते दिल्यावर, निसवण्याच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या, सुमारास इतरांचे पाहून आणखी एक हप्ता दिला. लोंबही लांब आले, पण मळणीच्या वेळी पोचट दाणे फार निघाले. पाने एवढी हिरवी असताना त्यांतली साखर दाण्यात का गेली नाही? वाणाच्या जनुकांत दोष असेल का? (एक शेतकरी, भंडारा जिल्हा)

आधी पोचट दाणा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहायला हवे. मूठभर दाणे घेऊन एकेक दाणा नखाने दाबून बघा. आत काहीच नसेल, नुसती तुसाची दोन पाने असतील, तर त्या फुलात बीजधारणाच झालेली नाही. फुलोऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला किंवा तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर असे होते आणि त्याचा पानातल्या साखरेशी संबंध नसतो. अख्खी लोंबी पांढरी पडली असेल आणि ओढल्यावर अलगद उपसून येत असेल, तर ते खोडकिड्याचे काम आहे. दाण्यात बारीक, सुरकुतलेला, अर्धवट भरलेला तांदूळ सापडला, तरच तुमचा प्रश्न लागू होतो. लोंबीच्या खालच्या भागातील, आतल्या बारीक फांद्यांवरचे दाणे असे राहण्याचे प्रमाण अधिक असते, कारण ते उशिरा फुलतात आणि साखरेच्या वाटपात मागे पडतात.

साखरेचा प्रवास असा असतो. पात्यातल्या पेशींतून सुक्रोज शिरांमधल्या रसवाहिनीत शिरते, तेथून पर्णकोषात आणि खोडात उतरते, मग लोंबीच्या देठातून दाण्यापर्यंत येते. दाण्यात रसवाहिनी थेट शिरत नसल्यामुळे शेवटचा टप्पा साखरेला पेशीबाहेरच्या जागेतून ओलांडावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर पेशीपटलात बसलेली वाहक प्रथिने असतात आणि त्यांची जनुके आता चांगली परिचयाची आहेत. भातात सुक्रोज वाहकांची एसयूटी नावाची पाच जनुके आहेत. त्यांतले एसयूटी-१ हे पहिले जनुक जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये उजेडात आणले. ते दाबून टाकलेल्या रोपांवरचे काम ऑस्ट्रेलियातून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, ज्यात दाणे नीट भरले नाहीत आणि बियांची उगवणही मंदावली; पानांचे प्रकाशसंश्लेषण मात्र नेहमीसारखे चालू होते. तुमच्या शेतातले चित्र याच्याशी जुळते असे वाटेल, कारण पाने हिरवी आणि दाणा रिकामा. पण लागवडीखालच्या वाणांत हे जनुक निकामी असण्याची शक्यता फारच कमी आहे, कारण असे रोप पैदासकाराच्या पहिल्याच निवडीत गळते.

एसयूटी-२ हे रिक्तिकेच्या पटलावर असते आणि तेथे साठलेली साखर बाहेर काढते. ते बिघडलेल्या रोपांच्या पानांत साखर अडकून पडते आणि रोप बुटके राहते, असे २०११ मध्ये दिसून आले. दाण्याच्या तोंडाशी जीआयएफ-१ नावाचे जनुक काम करते. त्याच्यावरून बनणारे विकर आलेल्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभाजन करते आणि त्यामुळे दाण्याकडे साखरेची ओढ टिकते. चिनी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की रानटी भातापासून लागवडीचा भात घडताना माणसाने नकळत याच जनुकाच्या कामात बदल निवडला होता. पानातून रसवाहिनीत साखर नेमकी कोणत्या मार्गाने शिरते, पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटांतून की पेशीबाहेरून वाहकांच्या मदतीने, यावर मात्र दीर्घकाळ वाद चालला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाचे पारडे पेशीबाहेरच्या मार्गाकडे झुकले.

तुमच्या बांधीत जे घडले, त्यात जनुकांपेक्षा नत्राचा वाटा मोठा असावा असे मला वाटते. निसवण्याच्या आधी पर्णकोषात आणि खोडात जमलेला स्टार्च दाणा भरताना मोडला जातो आणि दाण्याच्या वजनात त्याचा चांगला हिस्सा असतो. विशेषतः ढगाळ दिवसांत पाने पुरेशी साखर बनवू शकत नाहीत, तेव्हा हाच साठा उपयोगी येतो. नत्र गरजेपेक्षा जास्त झाले, की दोन गोष्टी घडतात. एक तर बरीचशी साखर नवी पाने, उशिराचे फुटवे आणि प्रथिने बनवण्यात खर्च होते, त्यामुळे मुळात साठाच कमी होतो. दुसरे असे, की रोपाला पिकण्याचा इशारा उशिरा मिळतो, पाने हिरवी राहतात आणि खोडातला साठा मोडून वर पाठवण्याचे काम रेंगाळते. कापणीच्या वेळी पेंढा हिरवा आणि जड, आणि दाणा हलका, अशी स्थिती होते. चीनमधील यांगझोऊ विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले आहे, की जास्त नत्र दिलेल्या भाताला दाणा भरताना जमिनीत किंचित कोरडेपणा मिळाला, तर खोडातील साठ्याची हालचाल वाढते. येथे किंचित या शब्दाला महत्त्व आहे. जमिनीला भेगा पडतील इतका ताण दिला, तर आहे तोही दाणा जाईल.

तेव्हा वाण बदलण्याआधी निसवण्याच्या सुमाराचा तो जादा हप्ता बंद करून पाहा. नत्राचा शेवटचा हप्ता लोंबी पोटात धरू लागते त्या सुमारास द्यावा, तोही पानांचा रंग पाहून, आणि त्यानंतर हात आवरावा. पान शेवटपर्यंत काळेभोर दिसणे हे चांगल्या पिकाचे लक्षण आहे हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे आणि त्यापायी खताचे पैसे व दाणा दोन्ही जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : कडा करप्याला प्रतिकार देणारे एक्सए-१३ हे जनुक प्रत्यक्षात साखरेच्या वाहतुकीचे जनुक आहे असे वाचले. रोगप्रतिकाराचा आणि साखरेचा संबंध कसा? (कृषी पदवीचा विद्यार्थी, दापोली)

हा या साऱ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग आहे. कडा करपा, म्हणजे जिवाणूजन्य करपा, झँथोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे होतो. पानाच्या कडांवर जादा पाणी थेंबांच्या रूपात बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून किंवा जखमांतून जिवाणू आत शिरतो आणि जलवाहिनीत वाढतो. म्हणूनच पिवळे, नागमोडी पट्टे कडेपासून सुरू होतात. भारतात या रोगाची नोंद १९५१ मध्ये महाराष्ट्रातच झाली आणि १९६३ मध्ये बिहारमधील शहाबाद भागात त्याची मोठी साथ आली.

जलवाहिनीतल्या पाण्यात साखर फारच थोडी असते, त्यामुळे जिवाणूची तेथे उपासमार व्हायला हवी. त्यावर त्याने काढलेला उपाय असा, की तो भाताच्या पेशीत स्वतःची काही प्रथिने सोडतो, ती पेशीच्या केंद्रकात जातात, भाताच्या एका ठरावीक जनुकाच्या आरंभी असलेल्या नियंत्रक भागावर जाऊन बसतात आणि ते जनुक जोरात चालू करतात. ते जनुक आहे स्वीट-११, जे आठव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्यावरून बनणारे वाहक प्रथिन पेशीतले सुक्रोज बाहेर सोडते. एरवी पानात हे जनुक शांत असते. जिवाणूच्या चिथावणीने ते चालू झाले, की पेशी आपली साखर बाहेर सांडतात आणि जिवाणूला ती आयती मिळते.

एक्सए-१३ म्हणजे याच स्वीट-११ जनुकाचा असा प्रकार, ज्याचा नियंत्रक भाग बदललेला आहे. जिवाणूच्या प्रथिनाला तेथे बसता येत नाही, जनुक चालू होत नाही, जिवाणू उपाशी राहतो. हा गुण अप्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आला तर न दिसणारा, आहे आणि त्याचे कारणही आता उघड होईल. रोपात एक जरी जुना, चालू होणारा प्रकार शिल्लक असला, तरी जिवाणूचे काम भागते, म्हणून दोन्ही पालकांकडून बदललेलाच प्रकार यावा लागतो. या जनुकाचा रोगाशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला आणि स्वीट कुळातली प्रथिने साखरेची वाहक आहेत हे २०१० मध्ये.

मग हे जनुक सरळ काढूनच का टाकू नये, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. स्वीट-११ परागकणांच्या वाढीला आणि दाणा भरण्यालाही लागते. ते पूर्ण निकामी केले, तर करपा टळेल पण लोंबी रिकामी राहील. एक्सए-१३ चे मोल यात आहे, की त्याने जनुकाचा मजकूर तसाच ठेवला आणि फक्त जिवाणूच्या हाती लागणारी जागा बदलली. हाच धडा घेऊन एका आंतरराष्ट्रीय गटाने स्वीट-११, स्वीट-१३ आणि स्वीट-१४ या तिन्ही जनुकांच्या नियंत्रक भागांत जनुक संपादनाने नेमके बदल केले. आयआर-६४ सारख्या सर्वदूर लावल्या जाणाऱ्या वाणात त्यामुळे करप्याच्या अनेक प्रकारांना प्रतिकार आला आणि हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात एक्सए-१३ हे पारंपरिक संकर आणि जनुकखुणांवरून निवड या मार्गाने आधीच शेतात पोहोचले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सुधारित पुसा बासमती-१ मध्ये ते एक्सए-२१ या दुसऱ्या प्रतिकारक जनुकाच्या जोडीने आणले. हैदराबादची भात संशोधन संस्था आणि तेथीलच सीसीएमबी, म्हणजे पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र, यांनी मिळून केलेल्या सुधारित सांबा मसुरीत एक्सए-१३, एक्सए-५ आणि एक्सए-२१ अशी तीन जनुके एकत्र आहेत. हे वाण २००८ मध्ये प्रसारित झाले. एकट्या जनुकावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण जिवाणूकडे स्वीट कुळातली इतर जनुके चालू करणारी प्रथिनेही आहेत.

तुम्ही पुढे पैदासशास्त्राकडे वळणार असाल, तर साखरेच्या वाटेवरची आणखी एक बाजू पाहण्याजोगी आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये एजीपेजचा एक घटक नसलेले भाताचे रोप वर्णन केले, ज्याच्या खोडात स्टार्च जवळजवळ नव्हता, तरी त्यांच्या प्रयोगात उत्पादन घटले नाही. उलट जपानमध्ये २०१५ मध्ये सीआरसीटी नावाचे असे प्रथिन सापडले, जे पर्णकोषातल्या स्टार्चनिर्मितीची अनेक जनुके एकदम नियंत्रित करते. तेथे वैरणीसाठी खास काढलेल्या 'ताचिसुझुका' या भातात लोंबी मुद्दाम आखूड ठेवली आहे. दाणे थोडे असल्यामुळे साखर खोडात आणि पानांतच राहते आणि मुरघास चांगला आंबतो. आपल्या कोकणात आणि मावळात भाताचा पेंढा हीच उन्हाळ्यातली मुख्य वैरण असते. दाणा न घटवता त्या पेंढ्यात थोडी अधिक साखर ठेवणारे वाण काढता येईल का, हा पदव्युत्तर प्रबंधासाठी उत्तम विषय होईल आणि त्याची सुरुवात स्थानिक वाणांच्या पर्णकोषांवर निसवण्याच्या दिवशी आणि कापणीच्या दिवशी आयोडीन टाकून करता येईल.